चार वर्ग एका खोलीत, चायनावाली शिस्त चालन का?

दारव्ह्याकडचा मास्तर: राजेहो, आमची द्विशिक्षकी झेडपी शाळा. दुसरे सर निम्मा महिना मिटिंग नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्यात, म्हणजे चारही वर्ग माह्याच गळ्यात. परवा पुतण्यानं यूट्यूबवर दाखवलं, 2015 मध्ये बीबीसीनं हॅम्पशायरच्या एका शाळेत पाच चिनी शिक्षक आणले होते, 50 पोट्टे, चार आठवडे, सकाळी 7 ते संध्याकाळी 7. पोट्टे सरांसमोर बिनधास्त गप्पा मारत, एक तर वर्गात इलेक्ट्रिक किटली घेऊन आला चहा कराले! तरी शेवटच्या टेस्टमध्ये त्याच शाळेतल्या इंग्रज सरांच्या पोरांपेक्षा चिनी सरांचेच पोरं पुढं. आता सांगा, आपण चायनावाली शिस्त लावावी का इंग्लंडवाली गोडीगुलाबी?

कापूसकोंड्या: बारा तास बसवलं तर आमचा बैल बी पाढे म्हणन 😄

धारणीच्या मॅडम: सर, इंग्लंडात गोडीगुलाबी आहे हे कोणी सांगितलं? छडी त्यांनी 1986 च्या कायद्यानं सरकारी शाळांतून काढली, पण वागणुकीचे नियम शाळेनं लेखीच ठेवायचे असतात, आधी ताकीद, मग डिटेन्शन म्हणजे शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं, मग आईबापाला बोलावणं, आणि हे सगळ्याच सरांना सारखं लागू. मी एकदा डिटेन्शन करून पाहिलं. पोरीची शेवटची एसटी निघून गेली, मलाच गाडीवर पाड्यापर्यंत सोडून यावं लागलं. मग कोणाला शिक्षा झाली सांगा.

बी.एड. झालेला बेकार: भाऊ, चायना म्हटलं की सगळ्यायले डोळे वटारणारा मास्तर दिसते. पण मारायला तिकडं पण बंदी हाय, 2021 च्या नियमात उभं करायचं तरी जास्तीत जास्त एक तासिका. खरी गंमत वेगळीच. तिथं बान झुरेन म्हणून वर्गाचा पालक-शिक्षक असते, बऱ्याच ठिकाणी तोच वर्ग तो वर्षानुवर्षं सांभाळते, कोण घरी भांडून आलं, कोणाचा बाप बाहेरगावी हाय सगळं त्याले माहीत. अन् शांघायचा गणिताचा मास्तर दिवसाला साधारण दोनच तासिका शिकवते, बाकी वेळ वह्या तपासणं अन् जो मागं पडला त्याले त्याच दिवशी धरून शिकवणं. इंग्लंडनं 2014 पासून शांघायचे मास्तर बोलावले ते हेच पाहाले. पोट्टा गोंधळ करते तो बहुतेक समजलं नाही म्हणून करते ना.

धारणीच्या मॅडम: दोनच तासिका! आमचा तेवढा वेळ खिचडीच्या नोंदीतच जातो.

दारव्ह्याकडचा मास्तर: हे बरोबर सांगितलं भाऊ. मी उगाच शिस्तीच्या मागं होतो, माह्या वर्गात गोंधळ होते तो तिसरीले गणित देऊन पहिलीकडं वळलो की मगच. आता चौथीच्या दोन पोरी पहिलीजवळ बसवतो अन् वह्या त्याच दिवशी पाहतो, मधल्या सुट्टीत का होईना. बाकी दिवाळीनंतर सांगतो, कापूस वेचणीले किती पोट्टे जातात अन् वर्गात किती उरतात त्याच्यावर हाय सगळं.