व्होर्टेक्सनं मॉड टाकला की फाइल नक्की जाते कुठं? डिप्लॉय करंना झालंय

शाहूपुरीचा_ड्रॅगन:
मंडळी जरा बघा की. स्कायरिम स्पेशल एडिशन खेळालोय, मॉड म्हणजे गेम बदलणाऱ्या फाइली व्होर्टेक्स ह्या मॅनेजरनं टाकतोय, गेम सी ड्राइव्हला हाय, 256 जीबीची एसएसडी, ती कायम भरलेलीच, म्हणून व्होर्टेक्स मॉड उघडून ठेवतं तो स्टेजिंग फोल्डर डी ला हार्डडिस्कवर नेला, तर आता ते डिप्लॉयच करंना, म्हणजे मॉड गेममध्ये लावंना, हार्डलिंक होत नाही म्हणालंय. दुसरं म्हणजे गेममधल्या व्हाइटरन गावाच्या रस्त्याचं रूप बदलणारे दोन टेक्स्चर मॉड टाकल्यात, लूट ह्या टूलनं लोड ऑर्डर (कोण आधी, कोण नंतर) लावली तरी नको असलेलंच दिसालंय. दोस्त म्हणतोय मॅनेजर काढून टाक, झिप उघडून सगळं गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ओत, काय होत नाय. खरं हाय काय?

मॉडवाला_मामा:
दोस्ताचं ऐकू नकोस भावा. हातानं ओतलंस की मॉडची फाइल आधीच्या त्याच नावाच्या फाइलवर बसते, जुनी गेली ती गेली, आणि महिन्याभरानं तो मॉड काढायचा म्हटलास तर त्यातल्या शेकडो फाइलींपैकी कुठली कुणाची हे तुला तरी कळणार हाय का.

व्होर्टेक्स काय करतं तर झिप स्टेजिंगमध्ये उघडून ठेवतं आणि डिप्लॉय म्हटलं की तिथल्या फाइलींच्या हार्डलिंक गेमच्या फोल्डरात टाकतं. कॉपी न्हवं बरं का. एकाच शेताच्या सातबाऱ्यावर दोन भावांची नावं असतात तसं, शेत एकच, एकाचं नाव कमी केलं म्हणून शेत कुठं जात नाही. पर्ज दाबलं की गेमकडची नावं निघतात, स्टेजिंगमध्ये माल हाय तसा राहतो. आता हे सगळं एकाच पार्टिशनच्या आतच चालतं, सी वरची लिंक डी वरच्या फाइलला लावताच येत नाही, विंडोजच तसं हाय, व्होर्टेक्सचा काय दोष नाही. ड्राइव्हचा फॉरमॅट एनटीएफएसच पाहिजे, एक्सफॅटवर हार्डलिंक हा प्रकारच नाही, पोर्टेबल डिस्कवर गेम ठेवणारे हितंच अडकतात.

म्हणजे गेम आणि स्टेजिंग एका ड्राइव्हला आण. आधी पर्ज कर, मग स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधनं इन्स्टॉल फोल्डर डी ला हलव. हार्डडिस्कवर लोडिंगला वेळ लागंल, ते सोसायचं.

गडहिंग्लजकर_गेमर:
मामा बरोबर, पण मी म्हणतो मॉड ऑर्गनायझर 2 घे की सरळ. ते गेमच्या फोल्डरला हातच लावत नाही, प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरात, आणि गेम चालू होताना गेमला भासवतं की सगळ्या फाइली डेटामध्येच हायत. व्हर्च्युअल फाइल सिस्टीम म्हणतात ते. मॉड डी ला आणि गेम सी ला, बिनधास्त चालतंय. फक्त गेम त्याच्यातनंच सुरू करायचा, स्टीमचं बटण दाबलंस तर एकबी मॉड दिसणार नाही, मग हितं येऊन बोंब मारू नकोस. एसकेएसईचा (बऱ्याच मॉडना लागणारं स्क्रिप्ट एक्स्टेंडर) लोडर आणि डीएलएल मात्र हातानंच गेमच्या मुख्य फोल्डरात टाक, स्कायरिमची एक्सई असते तिथं, डेटात न्हवं.

मॉडवाला_मामा:
आणि टेक्स्चरचं राहिलंच. लूट फक्त प्लगिनचा क्रम लावतं, म्हणजे मॉडमधल्या ईएसपी, ईएसएम, ईएसएल फाइलींचा. रस्त्याच्या टेक्स्चरला प्लगिनच नसतंय तर लूट लावणार काय? तिथं फाइलीवर फाइल बसते, कोण वर ते तू सांगायचं. व्होर्टेक्समध्ये मॉडसमोर लाल वीज दिसत असंल बघ, त्यावर क्लिक करून हा मॉड त्याच्या नंतर असा नियम लाव, मग परत डिप्लॉय. मॉड ऑर्गनायझरमध्ये डाव्या यादीत जो खाली तो जिंकतो. उजवीकडची यादी प्लगिनची, ती वेगळी. निम्मी भांडणं ह्या दोन याद्यांत गल्लत केल्यानं होत्यात. आणखी एक, एक मॉड बीएसएमध्ये, म्हणजे गेमच्या गठ्ठा फाइलीत, बांधलेला आणि दुसरा सुट्या फाइलींचा असंल तर सुट्या फाइलीच जिंकत्यात, तिथं प्लगिन कितीबी खाली ओढ.

शाहूपुरीचा_ड्रॅगन:
व्हय की, लाल वीज हाय! नियम लावून ठेवला. पण मामा, दोन्हीकडं आणून ठेवलं तर डी ला मॉड डबल जागा खाणार न्हवं का? राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं तेच सांगून मोठी डिस्क गळ्यात मारायला बघितलं.

मॉडवाला_मामा:
दुकानदाराला डिस्क खपवायची हाय रे. एक्सप्लोरर दोन्ही फोल्डर वेगवेगळे मोजतो म्हणून डबल दिसतंय, ड्राइव्हची मोकळी जागा बघ, ती डिप्लॉयच्या आधी आणि नंतर जवळपास तेवढीच. पण गेमच्या फोल्डरातली फाइल नोटपॅडनं बदललीस तर स्टेजिंगमधलीबी बदलू शकते, माल एकच हाय ना. आयएनआय, म्हणजे सेटिंगची फाइल, खेळवायची असंल तर आधी कॉपी काढ.

गडहिंग्लजकर_गेमर:
आणि स्टीमला आपोआप अपडेट करू देऊ नको, फक्त लाँच केल्यावर असं ठेव आणि गेम एसकेएसईच्या लोडरनं सुरू कर, मॉड ऑर्गनायझर घेतलास तर तो लोडरबी त्याच्यातनंच. एक्सई बदलली की जुना एसकेएसई चालत नाही, मग लोक मॅनेजरला शिव्या घालत बसत्यात.

शाहूपुरीचा_ड्रॅगन:
पर्ज केलं, गेम हलवालोय, लई वेळ दाखवालंय. झालं की सांगतो.