मदत हवी आहे: अडकलेली बिलं ऑनलाइन लिलावात विकायची आहेत (कुपवाड एमआयडीसी)

लेथवाला | सोमवार, रात्री ११:४०
मंडळी, थोडक्यात विचारतो. कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करून देतो. तीन सीएनसी मशीन, नऊ माणसं. १४ लाखांची बिलं अडकलीत. जीएसटी २० तारखेला खिशातून भरला, इन्सर्टवाल्यानं (कटिंगच्या टिपा देणाऱ्यानं) उधारी बंद केली, पगार तोंडावर आलाय. सीए म्हणाला, बिलं ऑनलाइन लिलावात विकता येतात, बँका बोली लावतात, एक-दोन दिवसांत पैसे खात्यावर. 'ट्रेड्स' म्हणतात त्याला. कुठल्या साइटवर जायचं आणि किती कापतात, एवढंच सांगा. कर्ज घ्या म्हणू नका, सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट) फुल्ल आहे.

तासवडे_टर्नर | रात्री ११:५८
बिलं कुणाच्या नावावर? किती दिवसांची? सरकारकडं छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी आहे का?

बेदाणा_बॉक्स | मंगळवार, सकाळी ६:१०
लिलाव म्हटल्यावर मला तासगावचा बेदाण्याचा सौदा दिसला. तिथं व्यापारी बॉक्स फोडतो, चार दाणे तोंडात टाकतो, मग बोलतो. तुमचं बिल काय चावून बघणार काय वो?

लेथवाला | सकाळी ८:०५
उद्यम आहे. पार्टी चांगली आहे, पैसे बुडणार नाहीत. साइट सांगा ना कुणीतरी.

तासवडे_टर्नर | सकाळी ८:३०
आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट. घ्या. पण साइट उघडून बिल टाकलं की बोली सुरू, असं नसतं. तुम्ही बिल चढवलं की आधी पार्टीनं तिथं "हो, एवढे देणं लागतो, अमुक तारखेला देतो" असं मान्य करावं लागतं. त्याशिवाय ते लिलावाला जातच नाही. बोली लागते ती पार्टीची बाजारातली पत बघून, तुमची-माझी शेड बघून नाही. आणि एकदा विकलं की पार्टीनं नंतर बुडवलं तरी बँक तुमच्या मागं लागत नाही. खरा फायदा तोच. म्हणून परत विचारतो: पार्टी कोण? नाव नको, मोठी की छोटी?

स्वावलंबी | सकाळी ९:१५
मुद्रा लोन बघा. माझ्या चुलत्यानं त्यावर पिठाची गिरणी टाकली, छान चाललीय.

लेथवाला | सकाळी ९:२०
गिरणी नको. साहेब, माल शेवटी पुण्याच्या मोठ्या कंपनीला जातो. उलाढाल हजार कोटींच्या वर.

मिरज_हिशेबनीस | सकाळी १०:४५
(बँकेतून निवृत्त.) आधी खर्चाचा अंदाज देतो. १० लाखांचं बिल, ६० दिवस बाकी, बोली ९ टक्क्यांना बसली तर साधारण १४,८०० रुपये जातात, वर प्लॅटफॉर्मची फी आणि तिच्यावर जीएसटी. ९ हा आकडा हिशेबापुरता, खरा दर पार्टी किती पक्की त्यावर ठरतो. हेच पैसे बाजारातून महिना २ टक्क्यांनी उचलले तर ४०,००० जातील.

दुसरं, "सीसी फुल्ल" हे वाक्य मला खटकलं. लिमिट फुल्ल की डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी बघून बँक उचलू देते ती रक्कम), खाली आलीय? येणी ९० दिवसांच्या पुढं गेली की बहुतेक बँका ती ड्रॉइंग पॉवरमधून काढून टाकतात. शिवाय तुमची येणी बँकेकडं आधीच तारण आहेत. ट्रेड्सवर विकायची तर बँकेची एनओसी लागेल आणि विकलेलं बिल बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये दाखवायचं नाही. एकच बिल दोन ठिकाणी दाखवून अडकलेले लोक मी पाहिलेत.

कृष्णाकाठचा | सकाळी ११:३०
एवढा हजार कोटींचा गिऱ्हाईक असेल तर गयावया कशाला? २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर यायची सक्ती होती. कायदा दाखवा आणि बिल मान्य करून घ्या.

तासवडे_टर्नर | सकाळी ११:४१
सक्ती नोंदणीची आहे हो, तुमचं बिल मान्य करायची नाही. नोंदणी करून हातावर हात ठेवून बसलेल्या कंपन्या ढिगानं आहेत.

कृष्णाकाठचा | सकाळी ११:४६
मग २००६ चा एमएसएमई (लघुउद्योगांचा) कायदा काय पूजेला ठेवलाय? पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवस. पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. थकलेल्या पैशांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

तासवडे_टर्नर | सकाळी ११:५२
टाका की. पुढची ऑर्डर तुमच्या शेडमध्ये येईल का?

कृष्णाकाठचा | दुपारी १२:०१
ह्याच भीतीवर त्यांचा धंदा चाललाय.

सांगलीची_सून | दुपारी १२:४०
ही ट्रेड्स म्हणजे ती ॲपच का, ज्यात आपण लोकांच्या बिलांत पैसे गुंतवतो? आमच्या भाऊजींचे अडकलेत एका ठिकाणी.

मिरज_हिशेबनीस | दुपारी १:१०
नाही ताई. ट्रेड्सला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, बोली बँका आणि एनबीएफसीसारख्या (बँक नसलेल्या) वित्तसंस्थाच लावतात. तुम्ही म्हणता ते प्रकरण वेगळं.

लेथवाले, तारखा अजून कळल्या नाहीत.

लेथवाला | संध्याकाळी ७:२५
सांगतो. बिलं ७० ते ११० दिवसांची आहेत. आणि ती थेट पुण्याच्या कंपनीवर नाहीत. मध्ये इथलाच एक व्हेंडर आहे, फौंड्रीवाला (ओतकाम करणारा). कास्टिंग त्याचं, मशीनिंग माझं, पुण्याला बिल तो लावतो.

तासवडे_टर्नर | संध्याकाळी ७:३१
अहो!! हे काल रात्री सांगायचं होतं.

मिरज_हिशेबनीस | रात्री ८:००
मग तुमची पार्टी म्हणजे फौंड्रीवाला, पुण्याची कंपनी नव्हे. तो ट्रेड्सवर खरेदीदार म्हणून नसेल, तर लिलाव नाही. शिवाय मुदत उलटून गेलेल्या बिलावर कोण बोली लावणार? ताज्या बिलांचा तो बाजार आहे. डीपीचं कोडंही सुटलं, ९० च्या पुढची बिलं बँकेनं केव्हाच बाहेर काढली असणार.

बेदाणा_बॉक्स | रात्री ८:१२
म्हणजे जुना बेदाणा. काळा पडला की भाव नाही.

लेथवाला | गुरुवार, रात्री १०:१५
अपडेट. आज फौंड्रीवाल्याकडं जाऊन बसलो. सहज विचारलं, अण्णा, ट्रेड्स ठाऊक आहे का? तर म्हणतो, दोन वर्षं झाली वापरतोय, पुण्याची कंपनी बिल मान्य करते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझे पैसे सुटतात. मी गप्पच झालो. माझ्या मशीनिंगचे पैसे त्याच बिलात आहेत ना! त्यानं नवीन भट्टीत घातलेत.

कृष्णाकाठचा | रात्री १०:२०
सरकारी पोर्टलवर तक्रार. आत्ताच्या आत्ता.

लेथवाला | रात्री १०:३४
थांबा दादा. पंधरा वर्षांची ओळख आहे. तीन हप्ते कबूल केलेत, पहिला सोमवारी. आणि पुढच्या बिलांना त्याचे पैसे सुटले की आठ दिवसांत माझे.

तासवडे_टर्नर | रात्री १०:३८
चेक घेतले की नुसता शब्द?

लेथवाला | रात्री १०:४१
शब्द. पण त्याची ६०० कास्टिंग सध्या माझ्या शेडमध्ये आहेत, आणि पुण्याची गाडी मंगळवारी भरायची आहे.