मदत हवी आहे : श्रवणयंत्र वापरण्याचा संकोच कसा दूर करावा?

सप्रेम नमस्कार. माझे वय ५६ वर्षे असून, नुकत्याच झालेल्या श्रवणचाचणीत माझ्या दोन्ही कानांना मध्यम स्वरूपाचा, म्हणजे सुमारे ५० डेसिबलचा श्रवणदोष असल्याचे निष्पन्न झाले आहे. हानी मुख्यतः उच्च वारंवारतेच्या ध्वनींची असल्याने समोरच्याचा आवाज ऐकू येतो, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि चारचौघांत बोलणे सुरू झाले की शब्दच उमगत नाहीत. (घरच्यांच्या मते मी सोयीचे तेवढेच ऐकतो, हा आरोप मात्र मला मान्य नाही.)

श्रवणतज्ज्ञांनी दोन्ही कानांसाठी डिजिटल यंत्रे सुचवली आहेत. ती सर्व आवाज सरसकट मोठे न करता, चाचणीच्या आलेखानुसार ज्या वारंवारता कमी ऐकू येतात त्यांनाच अधिक उठाव देतात, हे मला पटते. तरीही मन धजावत नाही, कारण माझ्या वडिलांचे जुने, सतत शिट्टी वाजवणारे यंत्र अखेरीस कपाटातच पडून राहिले होते आणि, खरे सांगायचे तर, चष्मा लावताना कधी न वाटलेली लाज मला येथे वाटते.

ज्यांनी हा संकोच ओलांडला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. मेंदूला नव्या आवाजांची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तो काळ आपण कसा निभावला? स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटणे पुढे कमी झाले का? आणि सहकाऱ्यांना आपण आधीच सांगितले, की त्यांच्या लक्षात येईपर्यंत थांबलात?