पावसाळ्यात व्हॉल्व्ह अँप बंद करावा की नको?

समुद्रकाठचा (वेंगुर्ला)
जून ते सप्टेंबर अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गाण्यांचा अँप्लिफायर) बंद करूच नये, असं माझं स्पष्ट मत. आमच्याकडे कपाटातल्या चामडी पट्ट्याला आठवड्यात बुरशी चढते, तिथे गार अँपचं काय होणार? शिवाय व्हॉल्व्हमधल्या गार हीटरला (तापणाऱ्या तारेला) पहिल्या क्षणी करंटचा दणका बसतो. इंग्लंडात १९४४ साली टॉमी फ्लॉवर्सने सुमारे १,६०० व्हॉल्व्हचं कोलोसस हे संकेत फोडणारं यंत्र उभं केलं, तेव्हा त्याचं म्हणणं हेच होतं: चालू केलं की बंद करायचं नाही.

तांब्याची तार (रत्नागिरी)
अहो, ते यंत्र रात्रंदिवस कामाला जुंपलेलं होतं! तुम्ही जेवणानंतर दोन तास गाणी ऐकता. चार महिन्यांचे २४४ तास. अखंड चालू ठेवलात तर २,९२८. पॉवर व्हॉल्व्हचं (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हचं) आयुष्यच साधारण दोन ते पाच हजार तास धरतात. एका पावसाळ्यात संपवायचे आहेत का?

समुद्रकाठचा
रात्री हाय व्होल्टेज तोडून नुसते हीटर ठेवतो. स्टँडबायचं बटण त्यासाठीच असतं ना?

तांब्याची तार
हीटर तापलेला आणि करंट शून्य, असं महिनोन्महिने ठेवलं तर कॅथोडची (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाची) निकेलची नळी आणि तिच्यावरचा लेप यांच्यामध्ये रोध वाढवणारा थर धरू शकतो. व्हॉल्व्ह न वापरताच म्हातारा. आणि दमट हवा काचेच्या आत जातच नाही. गेलीच, तर डोक्यावरचा चंदेरी डाग पांढराफटक पडतो. मग तो व्हॉल्व्ह शोकेसमध्ये ठेवायचा. खारी हवा खाते ती पिना आणि सॉकेट. माझ्या ईएल८४ या पॉवर व्हॉल्व्हच्या पिनांवर हिरवट पावडर धरली होती, आणि मी वर्षभर करकरीबद्दल व्हॉल्व्हला शिव्या घालत होतो.

बांगडो (मालवण)
तुमचा दोघांचा बरोबर आसा. पण आमच्याकडे लाईट काय सांगान जाता? दिवसात पाच वेळा जाता नि येता. बंद करूचा नाय म्हणतास, बंद करता कोण?

तांब्याची तार
हा खरा मुद्दा. लाईट परत येते तेव्हा व्होल्टेज किती असतं ते मीटर लावून बघा. २३०च्या ट्रान्सफॉर्मरला २५५ मिळाले की ६.३चा हीटर ७ व्होल्टवर जातो, म्हणजे दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली. साधा स्टॅबिलायझर बसवा. दणक्याची भीती असेल तर मेनला एक थर्मिस्टर (गार असताना करंट अडवणारा रोध). आणि जुने कपलिंग कंडेन्सर (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारे) बदला: ते गळू लागले की ग्रिड (व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी जाळी) पॉझिटिव्हकडे सरकते आणि प्लेट (तो करंट गोळा करणारा पत्रा) लाल होते. मी हे अंधारात डोळ्यांनी पाहिलंय, निखाऱ्यासारखी. घरात सगळे झोपलेले असताना असं झालं तर?

समुद्रकाठचा
पिना पुसल्या. करकर गेली, मान्य. मीटर २४८ दाखवतोय. स्टॅबिलायझर आणतो, रात्री बंदही करतो. पण दिवसा चालूच राहणार. पट्टा आता अँपशेजारी ठेवलाय, बुरशी नाही.