भाच्यासाठी घड्याळ: आधी अर्ध्या तासाचं बघा

ताई, भाच्याच्या पायलट ट्रेनिंगसाठी घड्याळ विचारलंत आणि वर दोघातिघांनी जीएमटी काट्याचं, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची वेळ दाखवणारा जादा काटा असलेलं, सुचवलंय. दिसायला झकास, पण आपली वेळ झुलूच्या, म्हणजे विमानवाले वापरतात त्या जागतिक वेळेच्या (यूटीसीच्या), साडेपाच तास पुढे. तो जादा काटा बहुतेक घड्याळांत तासातासानेच जुळवता येतो, आणि मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच. ओझरला दुपारचे अडीच वाजले की झुलू बरोब्बर नऊ. मिनिटकाटा मात्र तिसावर! दर वेळी डोक्यात वजाबाकी, तीही रेडिओवर बोलता बोलता. त्यापेक्षा यूटीसी थेट आकड्यांत दाखवणारं साधं डिजिटल कॅसिओ घ्या. स्टॉपवॉचचं बटण पटकन सापडणारं हवं, होल्डिंगमध्ये, म्हणजे परवानगी मिळेपर्यंत हवेत घिरट्या घालताना, एकेका मिनिटाचा लेग (सरळ टप्पा) मोजावा लागतो.

ब्रायटलिंग नॅव्हिटायमरसारखी कडेची गोल स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकाराची फिरती आकडेपट्टी? ते बारीक आकडे हादरणाऱ्या छोट्या सेसना विमानात वाचून दाखवा म्हणावं. मेकॅनिकलही नको, टॅबलेटच्या कव्हरमधल्या चुंबकाने त्याची चाल बिघडू शकते. पट्टा नायलॉनचा, मे महिन्यात चामड्याचा घामाने वास मारतो. आणि एमजी रोडला दुकानात गेलात की काउंटरखाली अंधारात धरून आकडे दिसतात का ते बघाच, दुकानदार हसला तरी हसू दे.