शब्दचर्चा: 'रन'ला डाव म्हणायचं का? आणि ग्राइंड, पॅरी, रनबॅक वगैरे

सध्या कोणता गेम खेळताय आणि कसा वाटतोय असं विचारलं की सगळे उत्साहाने लिहितात, पण वाचायला बसलं की बहुतेक ठिकाणी "ग्राफिक्स भारी, स्टोरी ओके, बॉस टफ" एवढंच असतं. खेळणाऱ्याला सांगायचं यापेक्षा कितीतरी जास्त असतं हे मला माहीत आहे, कारण तेच लोक बोलायला लागले की थांबत नाहीत. लिहिताना अडतं ते शब्दांपाशी. म्हणून हा विषय काढतेय. संस्कृतातून नवे जड शब्द पाडायचे नाहीत, मराठीत खेळासाठी आधीच जे शब्द आहेत त्यातले कुठले इथे चपखल बसतात तेवढं बघायचं.

माझ्यापासून सुरुवात करते. मी सध्या बलाट्रो (पोकरच्या पत्त्यांचा गेम) आणि हेडीस २ (ग्रीक पुराणकथांवरचा लढाईचा गेम) आलटूनपालटून खेळतेय. दोन्हीत सतत लागणारा शब्द म्हणजे 'रन'. बलाट्रोत आठ आँटी म्हणजे टप्पे, प्रत्येकीत तीन ब्लाइंड म्हणजे ठराविक पॉइंट गाठायच्या फेऱ्या, कुठेही पॉइंट कमी पडले की जमवलेले सगळे जोकर (खास ताकद देणारी पानं) गेले आणि परत पहिल्यापासून. या एका फेरीला इंग्रजीत रन म्हणतात. पण मराठीत 'रन' क्रिकेटने कधीच घेऊन टाकलाय, "आज माझी एक मस्त रन झाली" वाचलं की मला आधी बॅट दिसते. त्यापेक्षा सरळ 'डाव' म्हणावं. आणि डाव हा नुसता पर्यायी शब्द नाही, त्याच्यामागून अख्खी क्रियापदांची फौज येते. डाव मांडला, डाव रंगला, डाव अंगाशी आला, मध्येच सोडून दिला तर डाव मोडला. "सातव्या आँटीपर्यंत डाव छान रंगला होता, मग असा बॉस ब्लाइंड आला की सगळी बदामची पानंच बाद ठरली, आणि माझा तर सगळा खेळ बदामवर उभा होता" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं काय झालं ते, ग्राफिक्सबद्दल एक अक्षर न लिहिता.

दुसरा शब्द ग्राइंड. यावर मला डोकं खाजवावं लागलंच नाही, 'दळण' आहे की. तेच तेच बोलणाऱ्याला आपण "काय दळण लावलंय" म्हणतो, तसंच लेव्हल वाढवायला तेच दहा राक्षस परत परत मारणं हे दळणच. "गोष्ट चांगली आहे पण मधे फार दळण आहे", झालं ना परीक्षण?

तुमच्याकडचे शब्द सांगा. आणि कोणत्या गेमवरून सुचला तेही सांगा, नुसते शब्द नकोत.

—

डाव एकदम पटला. यात एक भर, हेडीस आणि बलाट्रो ज्या जातीचे गेम आहेत त्या जातीचं नाव देवनागरीत लिहिलं की 'रोगलाइक' होतं आणि ज्याला माहीत नाही त्याला ते आजाराचं नाव वाटतं. मूळ गेम रोग, १९८० चा, मजल्यांचे नकाशे दर वेळी नव्याने तयार व्हायचे आणि मेलं की मेलं, पहिल्यापासून. त्या गेमसारखे म्हणून रोगलाइक. नाव बदलायचा हट्ट नको, विशेषनामावरून आलेला शब्द आहे, राहू दे. पण रोगलाइक आणि रोगलाइट यात फरक काय हे लोक विचारतात तेव्हा मी असं सांगतो, की पहिल्यात डाव गेला की सगळं गेलं, दुसऱ्यात डाव गेला तरी गाठीला काहीतरी राहतं. हेडीसमध्ये मेलात तरी जमवलेल्या वस्तू घेऊन परत येता आणि त्यातून कायमची ताकद वाढवता, ते गाठीला राहणं. 'गाठीला' या शब्दात सगळं आलं, मला तरी दुसरी व्याख्या लागली नाही.

—

मी क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३ खेळतोय, २०२५ चा फ्रेंच गेम. लढाई पाळीपाळीची, म्हणजे आपली पाळी मग शत्रूची पाळी, पण शत्रूच्या पाळीत हातावर हात ठेवून बसायचं नाही, त्याचा वार येतो तेव्हा नेमक्या क्षणी बटण दाबायचं असतं. आता एकूणच गेममध्ये इंग्रजीत डॉज, ब्लॉक, पॅरी असे तीन वेगळे शब्द आहेत आणि मराठीत लिहिताना लोक तिन्हीला 'वाचलो' म्हणून मोकळे होतात! आपल्याकडे वार चुकवणं आहे, वार अडवणं आहे आणि वार परतवणं आहे, आणि हे तिन्ही अगदी त्याच तीन गोष्टी आहेत. एक्स्पिडिशनमध्ये चुकवणं तुलनेने सोपं, वेळेची सवलत जास्त. परतवायला वेळ अगदी थोडी मिळते पण जमलं तर पुढच्या पाळीसाठी पॉइंट मिळतात आणि सगळेच्या सगळे वार परतवले तर उलट तडाखा बसतो शत्रूला. म्हणून सुरुवातीला नुसतं चुकवत राहायचं, त्या राक्षसाची लय कानात बसली की मग परतवायला घ्यायचं.

पॅरीला नाम हवं असेल तर कुस्तीतला 'तोड' घ्या. डावाला तोड. सेकिरो (२०१९) तर सगळा तोडीवरच आहे, रक्त कमी करण्यापेक्षा समोरच्याचा तोल घालवायचा, वार नीट परतवत गेलात की त्याचा तोल ढळत जातो आणि पूर्ण ढळला की एकच घाव. त्यातल्या पॉश्चरला मराठीत 'तोल' सोडून दुसरं काही म्हणूच नये.

—

तोड आणि तोल दोन्ही आवडले. पण एक अडचण, कुस्तीत डाव म्हणजे युक्ती आणि वर रनलाही डाव म्हणायचं ठरतंय, तर "त्या डावात मी त्याचा डाव तोडला" असं काहीतरी होऊन बसेल.

—

होऊ दे की, मराठीत ते आधीपासूनच तसं आहे आणि कोणाचा गोंधळ होत नाही. पत्ते खेळताना "हा डाव त्याने डाव साधून जिंकला" सहज म्हणतो आपण. संदर्भाने कळतं.

—

सिल्कसाँग खेळणाऱ्यांसाठी एक शब्द: हेलपाटा.

सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हापासून खेळतेय, अजून संपवलेला नाही आणि घाईही नाही. याच्या आधीचा गेम हॉलो नाइट मला अतिशय प्रिय, त्यामुळे हा त्याहून जास्त छळतो हे लवकरच लक्षात आलं, कितीतरी शत्रूंच्या एका फटक्यात दोन मास्क (जीव मोजायचे मुखवटे) जातात, आणि आपली नायिका हॉर्नेट, तिचा खाली मारायचा वार सुरुवातीला तिरपा जातो, सरळ नाही, त्याची सवय होईपर्यंत काट्यांवर पडून जीव नकोसा होतो. पण तक्रार त्याबद्दल नाही, ते शिकता येतं आणि शिकल्यावर हॉर्नेट अशी काही पळते आणि उडते की बोटांनाच आनंद होतो. तक्रार आहे ती रनबॅकची. बॉसने मारलं की शेवटी जिथे बसलो होतो त्या बाकावर जागे व्हा, आणि बाकापासून बॉसपर्यंत परत तेवढी वाट तुडवा, उड्या मारा, वाटेतले किडे चुकवा, मग कुठे परत लढाई. लास्ट जज नावाच्या बॉसपर्यंतची वाट ज्यांनी तुडवली त्यांना वेगळं सांगायला नको. याला हेलपाटा हाच शब्द. हेलपाट्यात नुसतं जाणं येणं नाही, काम न होता परत यावं लागणं आहे, आणि रनबॅक चिडवतो तो त्याचमुळे.

एल्डन रिंगने (२०२२) बऱ्याच बॉसजवळ मारिकाचे खुंटे ठोकून ठेवले, मेलात तर तिथूनच उठता येतं, म्हणजे हेलपाटे वाचवले. तिथे मी वीस वेळा हरले तरी चिडले नसते. काही लोकांचं म्हणणं हेलपाट्यामुळे हरण्याला किंमत येते आणि माणूस सावध खेळतो. मला नाही पटत, सावध तर मी बॉसला घाबरून पण असते.

—

हेलपाटा!! हा शब्द आजपासून वापरणार.

सिल्कसाँगचाच विषय निघालाय तर नर्फ आणि बफ. पहिल्याच पॅचमध्ये, म्हणजे गेम आल्यानंतरच्या दुरुस्तीत, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे दोन सुरुवातीचे बॉस थोडे सोपे केले, त्यावर "नर्फ केला" असं सगळीकडे लिहिलं गेलं. नर्फ हे मूळ फोमच्या मऊ खेळण्यांचं नाव, लागलं तरी दुखत नाही अशी. मराठीत 'बोथट करणं' आहे, आणि बफला, म्हणजे ताकद वाढवण्याला, 'धार लावणं'. "ती तलवार या पॅचमध्ये बोथट केली, भाल्याला मात्र धार लावली." फक्त 'धार काढणं' लिहू नका, ते गाईम्हशींचं.

—

बॉसला बोथट केला हे कानाला खटकतं, बोथट हत्यार होतं. बॉसला 'सौम्य केला' किंवा सरळ 'नरमवला' म्हणा. हत्याराला बोथट, माणसाला नरम.

—

बरोबर, नरमवला चांगला आहे.

—

बाल्डर्स गेट ३ वाले कोणी आहेत का? २०२३ चा गेम पण मी आत्ता सुरू केलाय आणि बाकी सगळं बाजूला पडलंय. यात प्रत्येक गोष्टीला वीस बाजूंचा फासा पडतो, कुलूप उघडायचं, थाप मारायची, कोणाला पटवायचं, सगळ्याला फासा. आरएनजी आरएनजी (रँडम नंबर जनरेटर, म्हणजे नशिबावर सोडलेला भाग) म्हणतात ना लोक, त्याला आपल्याकडे 'दान' आहे. दान पडलं, दान उलटं पडलं, हवं ते दान आलं नाही. ते लिहायचं सोडून आरएनजी कशाला.

आणि सेव्ह-स्कमिंग, म्हणजे आधी सेव्ह करून ठेवायचं, दान उलटं पडलं की परत लोड, हवं ते पडेपर्यंत. हा तर शुद्ध 'रडीचा डाव' आहे.

—

थांबा, हे मी मान्य करणार नाही. रडीचा डाव समोर कोणीतरी असताना होतो, आपण हरलो हे दुसऱ्याच्या तोंडावर नाकबूल करणं म्हणजे रडी. एकट्याने खेळताना कोणाशी रडी खाणार? माझ्याकडे दिवसातून थोडाच वेळ असतो आणि एका वाईट दानामुळे आवडतं पात्र कायमचं गेलं तर मी लोड करणारच. ज्याला ते नको त्याच्यासाठी त्यात ऑनर मोड आहे, एकच सेव्ह, पडेल ते दान मुकाट्याने घ्यायचं.

—

समोर गेम आहे ना. डंजन मास्तर, म्हणजे गोष्ट चालवणारा, म्हणून तो आपल्याशी खेळतोय. मी ठरवून उलटी दानं तशीच ठेवतोय आणि या गेममधले माझे सगळ्यात लक्षात राहिलेले प्रसंग फसलेल्या दानांतूनच आलेत. थाप पचली नाही म्हणून मारामारी, मारामारीमुळे भलतीच वाट. लोड केलं असतं तर ते दिसलंच नसतं.

—

यावर माझं मत विचाराल तर (विषय मी काढलाय म्हणून मध्ये पडते), रडीचा डाव हा शब्द 'चीज करणं' यासाठी ठेवावा का असंही मनात आलं होतं, म्हणजे बॉस कोपऱ्यात अडकतो आणि आपण लांबून बाण मारत बसतो तसलं. पण त्यात तरी निदान अक्कल लागते, त्याला 'पळवाट' म्हणता येईल. सेव्ह-स्कमिंगला रडी म्हणणं मला अर्थाने बरोबर वाटतं, झालेला डाव "धरायचा नाही, परत" असं म्हणणंच ते. त्यात कमीपणा वाटत असेल तर तो शब्दाचा दोष नाही, पण ज्याला तसं खेळायचं त्याने जरूर खेळावं.

मैदानी खेळातले अजून दोन शब्द राहिले. एक 'राज्य'. डेड बाय डेलाइटमध्ये (२०१६) एक मारेकरी आणि चार पळणारे असतात, मारेकरी होणाऱ्यावर 'राज्य आलं' यापेक्षा नेमकं काय सांगणार? "माझ्यावर राज्य होतं आणि चौघेही निसटले." दुसरा 'भिडू'. इट टेक्स टू (२०२१) किंवा स्प्लिट फिक्शन (२०२५) एकट्याने खेळताच येत नाहीत, दोघं लागतातच. को-ऑप पार्टनर असं लांबलचक लिहिण्यापेक्षा "भिडू हवाय" लिहा.

—

आणि लिंबूटिंबू? सेलेस्टमध्ये (डोंगर चढायचा गेम) असिस्ट मोड आहे, वेग कमी करता येतो, जीवच जाणार नाही असंही करता येतं. तो लिंबूटिंबू मोडच झाला.

—

तो शब्द नको, मनापासून सांगते. लिंबूटिंबूला खेळात घेतात पण त्याचं खेळणं मोजत नाहीत, आणि असिस्ट मोडचा हेतू बरोबर याच्या उलट आहे. माझ्या बोटांना त्रास आहे, मी वेग कमी करून सेलेस्ट शेवटपर्यंत चढले आणि ते चढणं पूर्ण माझं आहे. 'सवलत' म्हणा.

—

सवलत. पटलं.

—

घाईत एक वापराची गोष्ट. लॅग, अडखळणं आणि हँग हे तिन्ही लोक 'लॅग मारतोय' मध्ये कोंबतात. लॅग नेटमुळे, म्हणजे बटण दाबलं आणि सर्व्हरला उशिरा कळलं. एकट्याने ऑफलाइन खेळताना चित्र अडखळत असेल तर तो लॅग नव्हे, मशीनला झेपत नाहीये किंवा गेम नीट बांधलेला नाही. परीक्षणात हे चुकीचं लिहिलं की वाचणारा नेट बदलत बसतो.

आणि तो गेम की ती गेम? मी तो गेम म्हणतो, घरात सगळे ती गेम म्हणतात.

—

दोन्ही चालतं, एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं. लेव्हल मात्र सगळीकडे ती. लूट पण ती, आणि तो शब्द तर इंग्रजीने आपल्याच भाषांकडून नेलेला आहे, त्यामुळे बिनधास्त वापरा.

—

बिल्डसाठी काही सुचतंय का कोणाला? एल्डन रिंगमध्ये तेच पात्र कोणी ताकदीवर वाढवतो, कोणी जादूवर, कोणी रक्तस्रावावर, आणि "तुझी बिल्ड काय" हा पहिला प्रश्न असतो. मी 'घडण' वापरून बघतोय, "माझी घडण जादूची आहे, चिलखत हलकं ठेवलंय". वाचायला बरं वाटतंय, बोलताना अजून जिभेवर येत नाही.