पॉलिसी अलाइनमेंटला मराठीत काय म्हणाल?

मंजिरी, रावपुरा
बडोदेकर मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने सगळ्या पुरवठादारांना एक फॉर्म पाठवलाय. सरकारी धोरणांशी तुमचा धंदा किती जुळतो, ते शंभरपैकी गुणांत मोजायचं. देशी मालाचा हिस्सा किती, लघुउद्योगांचे पैसे किती दिवसांत चुकवता, सीएसआर म्हणजे समाजकार्यावरचा खर्च, सौर वीज, असे रकाने आहेत. फॉर्म इंग्रजीत आणि गुजरातीत आहे, चाकणच्या युनिटसाठी मराठी मी करतेय. 'पॉलिसी अलाइनमेंट स्कोअर'ला 'धोरणानुरूपता गुणांक' लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्या हेतलबेन वाचून म्हणाल्या, "धोरण? कयुं धोरण, दसमुं?"

दांडियाबाजारकर
हा हा! आमचा भाचा पुण्याच्या आत्याला फोनवर म्हणाला, "मी आठव्या धोरणात आहे." तिला वाटलं पोरगं राजकारणात शिरलं. गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता, आणि मापदंडसुद्धा. पॉलिसीला ते 'नीति' म्हणतात. तुम्हीही 'नीतिसुसंगतता' करा, दोन्हीकडे चालेल.

अप्पा (निवृत्त)
मुळीच चालणार नाही. मराठीत नीती म्हणजे सदाचार. कारखानदाराला 'तुमची नीतिसुसंगतता ४२' असा कागद दिलात तर तो अब्रूचा दावा लावेल. गुजराती-हिंदीच्या मागे लागून आपण आपला शब्द का सोडायचा?

दांडियाबाजारकर
मग राजनीती, कूटनीती, युद्धनीती, यांत कुठला सदाचार आलाय अप्पा? आणि २०१५ पासून नीती आयोग आहे, त्याला मराठी वर्तमानपत्रं 'धोरण आयोग' लिहीत नाहीत.

अप्पा (निवृत्त)
ते विशेषनाम आहे, आणि मुळात इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं आहे. त्याचा दाखला कसला देता? याच बडोद्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. आठ भाषांत कारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडले होते. सयाजीराव महाराजांनी तेवढे कष्ट घेतले, आणि आपण हेतलबेन हसल्या म्हणून शब्द टाकायचा?

सीए, अलकापुरी
'धोरण' ठेवा की 'नीती', माझी हरकत 'अनुरूपता'ला आहे. या फॉर्ममध्ये दोन जातींची खिचडी झालीय. लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत, हा २००६ चा कायदा आहे. तो पाळला किंवा मोडला. त्याला ७० गुण कसले देता? सीएसआरचंही तेच. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू असेल तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. हे 'अनुपालन'. उलट देशी मालाचा हिस्सा खरोखर मोजायची गोष्ट आहे. सरकारी खरेदीत साधारणपणे ५० टक्के किंवा वर असेल तर पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार, २० ते ५० मध्ये दुसऱ्या वर्गाचा. तिथे 'किती जुळतो' हा प्रश्न शोभतो. एका शब्दात दोन्ही कोंबलंत तर कायदा मोडणाराही सौर पॅनल लावून पहिल्या वर्गात पास होईल.

मंजिरी, रावपुरा
सीएसाहेब, हे पटलं. पण फॉर्म बदलणं माझ्या हातात नाही हो, शीर्षकच करायचंय.

फिटर मकरपुरा
आमच्याकडे अलाइनमेंट म्हणजे मोटर आणि पंपाचा शाफ्ट एका सेंटरला आणणे. कपलिंगवर डायल लावायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा, काटा मिलिमीटरचे किती शतांश हलतो ते बघायचं आणि मोटरच्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, सारायची. कधी शाफ्ट वरखाली असतो, कधी तिरका. वरखाली असेल ते कळतं लवकर, तिरका नुसत्या नजरेला सरळच वाटतो. मराठी शब्द आम्ही कधी शोधला नाही. 'सेंटर काढलं' म्हणतो. आणि ताई, या फॉर्मात पण मार्चअखेर शिम टाकूनच सेंटर काढणार सगळे.

दांडियाबाजारकर
वा! 'धोरण-सेंटर'!

अप्पा (निवृत्त)
थट्टा पुरे. 'जुळणी' हा साधा शब्द आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, त्याला जुळणीच म्हणत.

श्रुती जोशी
जुळणी म्हणजे असेम्ब्ली, अप्पा. 'धोरण जुळणी' वाचून चाकणचा माणूस सुटे भाग शोधेल. पण मला वेगळंच सांगायचंय. संस्कृतात 'धोरण' म्हणजे वाहन, आणि घोड्याची एक चालही. आणि 'धोरणि' म्हणजे अखंड ओळ, परंपरा. म्हणजे एका ओळीत असणं शब्दाच्या पोटातच आहे! धोरणाला अलाइनमेंट चिकटवणं ही द्विरुक्ती झाली.

सीए, अलकापुरी
घोड्याची चाल जास्त पटते. सरकारचं धोरण दर बजेटला चाल बदलतं, गेल्या वर्षीचे गुण यंदा कामाचे नाहीत. शिवाय शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना सेबीच्या, म्हणजे बाजाराच्या नियंत्रकाच्या, नियमाने जो अहवाल द्यावा लागतो, त्याच्या नऊ तत्त्वांतलं सातवं उलट्या दिशेचं आहे. कंपनी सरकारी धोरणावर वजन टाकते तेव्हा जबाबदारीने आणि उघडपणे टाकते का, हे त्यात बघतात. कोण कोणाशी जुळतंय, आधी ते ठरवा.

अप्पा (निवृत्त)
म्हणूनच मराठीत 'धोरणी माणूस' म्हणतात. वारा बघून वागणारा.

श्रुती जोशी
धोरणी म्हणजे दूरचं बघणारा! वारा बघणारा तो संधिसाधू.

मंजिरी, रावपुरा
'सरकारी धोरणांशी मेळ : गुण' असं केलं तर? शुक्रवारी पाठवायचंय.

दांडियाबाजारकर
'मेळ' गुजराती आहे.

अप्पा (निवृत्त)
मेळ गुजराती? अहो, 'ताळमेळ' काय अहमदाबादहून आला?

फिटर मकरपुरा
आमच्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या रोकड वहीत, संध्याकाळी मेळ बसवतात, शिल्लक जमेना की सगळे थांबतात. तो गुजराती का मराठी, मुनीमजींना विचारून सांगतो.